थोरलीच्या कडेवर

मुंब्र्याच्या डोंगराची पूर्वेकडील उतरण जेथे संपते आणि उल्हास नदीची खाडी जेथे खाजणांतून पसरू लागते, त्या दोहोंमधील सखल पट्टीत दिवा, दातिवली, साबे, बेतवडे, आगासन, म्हातार्डी ही गावे पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवीत आणि खाडीची मासळी धरीत नांदली. या गावांविषयी सरकारी दफ्तरांत जो मजकूर सापडावयाचा तो जमिनीच्या प्रतवारीचा, साऱ्याचा, बांधबंदिस्तीचा, आणि १८५४ सालच्या मे महिन्यात ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी धावू लागली तेव्हापासून रुळांचा व स्थानकाचा. कोणत्या खातेदाराकडे किती क्षेत्र होते आणि त्यावर किती आकार बसत होता, हे सांगणारा कागद शोधल्यास मिळू शकतो; परंतु त्याच खातेदाराच्या घरी जन्मलेली दीड वर्षाची मुलगी, तिची आई गुडघाभर चिखलात आवणीला वाकलेली असताना, कोणाच्या हवाली होती, हे सांगणारा कागद दफ्तरातील कोणत्याही रुमालात बांधून ठेवलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर त्या गावांतील कोणतीही वृद्धा क्षणाचाही विचार न करता देईल: ती थोरलीच्या कडेवर होती. थोरली म्हणजे घरातील पहिली मुलगी, वय सात, आठ, फार तर नऊ. जिला स्वतःला कडेवर घेण्याचे दिवस नुकतेच सरले होते आणि जिच्या कमरेवर लगेच दुसरे बाळ येऊन बसले होते. लहान मुलींच्या संगोपनाचा इतिहास लिहू जाता आपण आईविषयी लिहितो, आजीविषयी लिहितो, क्वचित वत्सल पित्याविषयीही लिहितो. पण ठाणे-कल्याणच्या या मुलखात, श्रम करणाऱ्या घरांपुरते बोलावयाचे तर, लहान मुलीचे संगोपन मुख्यतः तिच्याहून थोड्या मोठ्या मुलीने केले आहे, आणि त्या मोठ्या मुलीने त्याची जी किंमत मोजली तिचा हिशेब आजवर कोणी मांडलेला नाही. कल्याणच्या पलीकडील बदलापूर गावाला ना. गो. चापेकर यांच्यासारखा साक्षेपी निरीक्षक लाभला व त्यांनी १९३३ साली त्या एका गावच्या लोकजीवनाचा ग्रंथ सिद्ध करून ठेवला, हे त्या गावाचे भाग्य. दिव्याला असा चापेकर लाभला नाही. म्हणून येथे जे लिहावयाचे ते आसपासच्या ज्ञात गोष्टींच्या आधारे, आणि शेतीच्या, मिठाच्या व रेल्वेच्या वेळापत्रकांतून घराचे वेळापत्रक ताडून लिहावे लागते.

भाताचे वेळापत्रक कठोर असते. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, मृगाचा पाऊस पडला की त्यावर रोपे करावयाची, आषाढात ती उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत लावावयाची. आणि ही आवणी पावसाच्या मर्जीने ठरलेल्या थोड्या दिवसांत उरकली नाही तर वर्षाचे पीक हातचे जाणार, म्हणून त्या दिवसांत घरातील एकही धडधाकट हात रिकामा ठेवून चालत नसे. नांगर पुरुषाचा, पण रोप लावणे मुख्यतः स्त्रियांचे. सकाळी वाकलेली पाठ अंधार पडताना सरळ व्हावयाची. अंगावर पिणारे मूल घरी ठेवणे अशक्य, कारण त्याला दर दोन-तीन तासांनी आई हवी. आणि आईजवळ ठेवणेही अशक्य, कारण तिचे दोन्ही हात आणि सगळे लक्ष चिखलात. तेव्हा बांधावरच्या एखाद्या झाडाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाई, पाऊस आला तर वर इरले धरले जाई, आणि त्या झोळीची दोरी थोरलीच्या हातात दिली जाई. विंचूकाट्यावर लक्ष ठेवणे, बाळ रडले तर झोका देणे, झोक्याने भागले नाही तर कडेवर घेऊन बांधाबांधाने फिरविणे, तेवढ्यानेही भागले नाही तर खाचराच्या कडेशी आईला हाक मारणे, ही तिची नेमून दिलेली कामगिरी होती. आई चिखलाचे हात धुऊन बांधावर येई, बाळाला पाजी आणि पुन्हा उतरे. त्या पाव घटकेत थोरलीला मोकळीक मिळे, आणि बहुधा त्या मोकळिकीतच तिला सरपणाच्या काटक्या गोळा करावयास सांगितले जाई.

हे सारे नाइलाजाने घडत होते एवढे म्हणून त्याची बोळवण करता येणार नाही. त्यात एक पद्धतशीर शिक्षण होते. मुलीला बाळ कसे धरावे, मान कशी सांभाळावी, ताप चढल्याचे अंगाला हात लावून कसे ओळखावे, भुकेचे रडणे कोणते आणि पोटदुखीचे कोणते, हे सर्व ती आठव्या-नवव्या वर्षी शिकलेली असे, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वतःचे मूल मांडीवर आले तेव्हा तिचा हात सराईतासारखा चाले. जुन्या पिढीतील स्त्रिया या शिक्षणाविषयी अभिमानाने बोलत आल्या आहेत आणि त्या अभिमानाला कमी लेखण्याचा अधिकार कोणाला आहे असे मला वाटत नाही. तथापि भातुकलीच्या वयात ज्या मुलीला खरेच बाळ सांभाळावे लागते तिच्या वाट्याची भातुकली कोणीतरी काढून घेतलेली असते, ही गोष्टही तितकीच खरी. आणि ती काढून घेणारा कोणी दुष्ट मनुष्य नसून गरज होती, एवढ्याने तिचे नुकसान भरून येत नाही.

भातशेतीपेक्षाही मिठागराचे काम अधिक कसाचे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या मुलखातील आगरी समाजाच्या व्यवसायांत भातशेतीच्या जोडीला मीठ पिकविण्याचा उल्लेख आहे. ठाण्याच्या खाडीकाठी भांडुप-मुलुंडपासून खाली उरणपर्यंत मिठागरे पसरलेली होती, आणि हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत कित्येक कुटुंबांचा मुक्काम आगरावरच पडे. मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहण्याचे काम स्त्रियांकडे असे. तेथे झाड नाही, सावली नाही, झोळी बांधावयाला फांदी नाही. खोपटाच्या आडोशाला बसून लहानग्यांना सांभाळणारी थोरली मात्र तेथेही होतीच. मासळी घेऊन बाजाराला जाणाऱ्या आईची गोष्टही वेगळी नव्हती, कारण पाटी डोक्यावर आणि मूल कडेवर घेऊन बाजार गाठता येतो पण गिऱ्हाईक करता येत नाही.

जेथे थोरली नसे तेथे काय होई, याचे उत्तर मुंबईच्या गिरणगावाने दिले आहे आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. गावाकडून आलेल्या जोडप्याची खोली, सासू गावी, नणंद गावी, पहिलेच मूल, आणि दोघांनाही गिरणीचा भोंगा. अशा घरांतील आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवून ठेवीत व कामाला जात, हे १९२० नंतरच्या काही वर्षांतील सरकारी पाहण्यांत स्पष्टपणे नमूद झालेले आहे. या आयांना निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. मूल रडत राहिले, रांगत चुलीपाशी गेले, तर त्याला पाहणारे कोणी नव्हते, म्हणून त्या त्याला गुंगी आणून सुरक्षित ठेवू पाहत होत्या. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबई कायदेमंडळात प्रसूतीच्या काळातील साहाय्याचे विधेयक आले, १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने, जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करतात अशा कारखान्यात पाळणाघर असलेच पाहिजे असे ठरविले; १९७६ साली ती संख्या तिसांवर आणली गेली. परंतु हे सर्व कारखान्याच्या फाटकाच्या आत. खाचराला फाटक नव्हते, मिठागराला हजेरीपट होता पण पाळणा नव्हता, आणि परक्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला तर कोणताच कायदा ओळखत नव्हता.

मुलीचे मोल काय, याविषयी या मुलखात दोन निरनिराळ्या समजुती शेजारी शेजारी नांदत होत्या. आगरी समाजात जुन्या काळी वरपक्षाने वधूच्या बापाला देज देण्याचा शिरस्ता होता, विधवेला पुन्हा संसार मांडण्याची मुभा होती, आणि लग्नविधीत पुरोहितपणाचा मान धवलारणीला, म्हणजे धवले गाऊन लग्न लावणाऱ्या स्त्रीला होता. ज्या समाजात स्त्रीच्या श्रमावर घर उभे असते तेथे मुलगी जाते म्हणजे दोन हात जातात याची जाणीव असते, आणि देजाच्या रूपाने ती जाणीव व्यवहारात उतरते. पांढरपेशांच्या घरांत याच्या उलट हुंडा चालत होता. या भेदामुळे आगरी मुलीच्या जन्माने घर काळवंडत नसे, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे, आणि ते त्या समाजाचे भूषण मानले पाहिजे. पण एक गोष्ट विसरता कामा नये: देज बापाच्या हाती पडे, मुलीच्या नव्हे, ज्या श्रमाची ती किंमत होती तो श्रम तिचा होता, आणि त्यातली पहिली काही वर्षे ती भावंडांच्या संगोपनात आधीच खर्ची घालून बसलेली होती.

आता खाडीकाठच्या गावांतून निघून रुळाच्या वाटेने कल्याणच्या कसब्यात यावे. आगगाडी कल्याणला पोहोचली त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, तेथील जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात कारकून असलेल्या, वयाने पुष्कळ मोठ्या बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिला झालेला मुलगा दहा दिवसच जगला. १८८३ साली ती एकटी कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस गेली, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी तिने मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यास तिचा अंत झाला. हे चरित्र मराठी वाचकास नवे नाही. येथे मला त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे, आणि ती म्हणजे तिचे कल्याणातील बालपण. आपल्या अमेरिकन स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी आपल्या आईविषयी जे सांगितले आहे ते सांगताना त्यांनी कोठेही भाषा चढविलेली नाही: आई मायेने बोलत नसे, आणि शिक्षा करताना दगड, काठी, पेटते निखारे यांचाही उपयोग करी. वडिलांची मात्र या मुलीवर माया होती.

या मजकुरावरून त्या माउलीचा निवाडा करण्यास बसावे असे मला वाटत नाही. तिच्या काळी, तिच्या वर्गात, मुलगी म्हणजे आठ-दहा वर्षांत परक्या घरी पोहोचवावयाची ठेव, आणि ती ठेव सासरी नावे ठेवली जाणार नाहीत अशा रीतीने घडविणे हे आईचे एकमेव कर्तव्य. घडविण्याला मुदत थोडी, आणि मुदत थोडी म्हणून हात कठोर. नवव्या वर्षी ज्या मुलीला सून व्हावयाचे आहे तिच्या सातव्या वर्षीच्या खोडकरपणाकडे कौतुकाने पाहण्याची चैन त्या व्यवस्थेत आईला परवडत नव्हती. बालविवाहाने मुलींचे आरोग्य व शिक्षण हिरावले हे आपण पुष्कळदा म्हणतो; त्याने आयांचे वात्सल्यही घाईचे व भयग्रस्त करून टाकले, हे मात्र क्वचितच म्हणतो, आणि माझ्या मते त्या चालीवरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. ज्या साली यमुना जन्मली त्याच साली दिव्याच्या किंवा आगासनच्या एखाद्या घरातही एक मुलगी जन्मली असेल. तिचे नाव कोणत्याही पत्रात नाही. तिला कदाचित निखाऱ्याचा चटका बसला नसेल, आई तिच्याशी अधिक मोकळेपणाने बोलली असेल. पण तिला अक्षर दाखविणारे कोणी नव्हते, आणि असते तरी पाटी धरावयाला हात मोकळा नव्हता.

पुढील शंभराहून अधिक वर्षांत कायद्याने मुलीच्या बालपणाची मर्यादा पायरीपायरीने वाढवीत नेली. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर आली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. १९२९ साली संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले, १९४९ साली ते पंधरा झाले आणि १९७८ साली अठरा. कायदा झाला म्हणजे चाल लगेच बदलली असे नाही, पण हळूहळू बदलली. या बदलाचा एक परिणाम सुधारकांच्या नजरेतून निसटला. लग्न लांबल्याने मुलीला माहेरी जी अधिक वर्षे मिळाली ती शाळेत जावीत अशी सुधारकांची अपेक्षा होती. श्रमिक घरांत ती वर्षे धाकट्या भावंडांकडे गेली. १९१६ साली मुंब्र्याच्या डोंगरातून पारसिकचा लांब बोगदा खुला झाला आणि मुंबई जवळ आली; त्याच साली महर्षी कर्व्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापले. दोन्ही गोष्टी मोठ्या पुरुषार्थाच्या. पण बोगद्यातून बाहेर पडल्यावर गाडीच्या खिडकीतून जी खाचरे दिसत, त्यांच्या बांधावर झोळीची दोरी धरून बसलेल्या मुलीपर्यंत विद्यापीठच काय, पहिलीचा वर्गही पोहोचावयाचा होता.

तो कसा पोहोचवावा याचा विचार ज्यांनी खरोखर मुळापासून केला त्या दोन स्त्रिया त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच येऊन राहिल्या. ताराबाई मोडक या एका मुलीच्या आई होत्या. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले होते, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग केले होते, आणि १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचा भार वाहिला होता. १९४५ साली त्यांनी शहर सोडून बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ, ज्यांना तेराव्या वर्षीच वैधव्य आले होते. बालमंदिर उघडले, पण वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष देण्याऐवजी बालमंदिर उचलून वस्तीच्या अंगणात नेले, आणि अंगणवाडी जन्मास आली. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, माती यांतून खेळणी केली. १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्यावर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणावरच शाळा भरविली.

परंतु या सर्व प्रयोगांत माझ्या दृष्टीने अग्रपूजेचा मान विकासवाडीचा आहे. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत याचे कारण ताराबाईंना कोणत्याही अहवालात शोधावे लागले नाही. ते त्या मुलींच्या कडेवरच बसलेले होते. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली; तीच विकासवाडी. थोरलीने यावे, तान्ह्याला पाळण्यात द्यावे, चार वर्षांच्याला बालवाडीत बसवावे आणि स्वतः वर्गात जाऊन पाटी घ्यावी. मधूनमधून जाऊन बाळ पाहून यावयाचे असेल तर तेही करावे. मुलीला भावंडापासून तोडले नाही, तिच्या आईला उपदेश केला नाही, फक्त तिच्या कमरेवरचा भार काही तास उतरवून घेतला. स्त्रीशिक्षणाच्या आपल्या इतिहासात विद्यापीठांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात आणि तशी ती लिहावीतच. पण खेड्यातील मुलीच्या शिक्षणातली खरी अडचण इतक्या नेमकेपणाने ओळखून इतक्या साध्या रीतीने दूर करणारी दुसरी योजना माझ्या माहितीत नाही.

पुढे जे घडले ते समाधान आणि खेद या दोहोंचे कारण आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील तेहतीस प्रकल्पक्षेत्रांत सुरू केली, आणि बोर्डीच्या अंगणात रुजलेली अंगणवाडी यथाकाल सबंध देशाची झाली. पूरक आहार, लसीकरण, तीन वर्षांवरील मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण, असे बहुमोल कार्य तिने केले व करीत आहे. तथापि विकासवाडीतील जो पाळणा, तो या विस्तारात मागे राहिला. तीन वर्षांखालील मुलाचे वजन अंगणवाडीत होते, त्याचा आहार घरी दिला जातो, पण आई कामावर असताना त्याला दिवसभर तेथे ठेवता येत नाही. आणि तीन वर्षांवरील मूलही काही तासांनी घरी परतते. अलीकडे, २०२२ पासून, केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेने ही उणीव भरून काढण्याचा उपक्रम आरंभला आहे, तो सिद्धीस जावो. परंतु मधल्या सुमारे अर्धशतकात तो पाळणा कोणी हलविला, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या अर्धशतकात दिव्याचे रूप मात्र ओळखू येणार नाही इतके पालटले. येथून पनवेलकडे मार्ग आधीच निघाला होता, पुढे वसईकडेही फाटा गेला, १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली, १९९८ साली कोकण रेल्वे सर्वत्र खुली झाली आणि रत्नागिरी-सावंतवाडीच्या गाड्या दिव्यास येऊन थांबू लागल्या. खाचरे भरून त्यांवर चाळी उठल्या. एकेका खोलीचे संसार, कोकणातून, खानदेशातून, विदर्भातून, उत्तरेकडून आलेले. गिरणगावची जी अवस्था शंभर वर्षांपूर्वी होती तिचेच एक आवर्तन येथे दिसते: सासू गावी, आई गावी, खोलीत नवरा-बायको आणि मुले, आणि दोघांनाही गाडी. फरक इतकाच की आता भोंगा नसून लोकल आहे, आणि काम दाराशी नसून ठाणे, मुलुंड, घाटकोपर, दादर येथे आहे. १९९२ साली कल्याण मार्गावर खास स्त्रियांची लोकल धावू लागली ही स्त्रियांच्या नोकरीला मिळालेली मोठी मान्यता. पण दिव्याच्या फलाटावरून गर्दीच्या वेळी गाडीत शिरणे हेच येथल्या आईचे दिवसातले पहिले संकट राहिले. २ जानेवारी २०१५ रोजी गाड्यांच्या खोळंब्याने प्रक्षुब्ध झालेले प्रवासी येथे रुळांवर उतरले ते सर्वांच्या स्मरणात आहे. १८ डिसेंबर २०१६ पासून जलद गाड्या येथे थांबू लागल्या. गाडी चुकल्याने होणाऱ्या नुकसानाचा हिशेब आपण पगारातून कापल्या जाणाऱ्या रकमेत मांडतो. परतीची गाडी अर्धा तास चुकली तर त्या अर्ध्या तासापुरती खोलीतली धाकटी मुलगी कोणाजवळ असते, या हिशेबाला मात्र रकाना नाही.

आणि या नव्या वस्तीतही ती कोणाजवळ असते? काही घरांत शेजारच्या काकींजवळ, ज्यांना महिन्याकाठी काही रक्कम दिली जाते. काही घरांत गावाहून सावंतवाडीच्या गाडीने आणलेल्या आजीजवळ, जिला या दहा बाय बाराच्या खोलीत अंगणाशिवाय करमत नाही आणि तरीही जी नातीसाठी राहते. आणि उरलेल्या पुष्कळ घरांत दुपारी शाळेतून आलेल्या थोरलीजवळ. दप्तर टेकवावे, धाकटीला जेवू घालावे, पाणी आले असेल तर हंडे भरावेत, संध्याकाळी भात टाकून ठेवावा. ती आता शाळेत जाते हे खरे, आणि तो बदल लहान नाही. २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क कायद्याने मान्य झालेला आहे. पण शाळेबाहेरचे तिचे तास अजूनही तिचे नाहीत. तिच्याच वयाच्या भावाचे तास बहुतांशी त्याचे असतात. आया हे समजून असतात, आणि त्यांपैकी कित्येकजणी रविवारी हट्टाने मुलाला हंड्याशी उभे करून थोरलीला खेळावयास पाठवितात. अशा आयांविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दांत मांडणे कठीण आहे.

या थोरलीच्या कहाणीचा आणखी एक अध्याय मामलेदार कचेरीत आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात लिहिला जातो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा दिला, १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली सबंध देशाने तिला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला. आणि नेमक्या याच काळात ठाणे-कल्याण पट्ट्यातील खाचरांना सोन्याचा भाव आला. बापाच्या पश्चात सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात, आणि विक्रीची वेळ आली की त्या नावांसाठी हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. माहेर तुटू नये, भावाचे दार बंद होऊ नये, म्हणून पुष्कळ बहिणी त्यावर सही करतात किंवा अंगठा उठवितात. ज्या भावाला आठव्या वर्षी कडेवर घेऊन जी बांधाबांधाने हिंडली, तिनेच साठाव्या वर्षी तोच बांध त्याला लिहून द्यावा, हा रिवाज कायद्याने वैध असेल. न्यायाने मला तो कधीही पटलेला नाही. हिस्सा घ्यावा की सोडावा हा त्या त्या बहिणीचा अधिकार आहे. तिच्यापुढे कागद ठेवणाऱ्या भावाने तिच्या बालपणाचा आकार एकदा तरी लक्षात घ्यावा, एवढे म्हणण्याचा अधिकार इतरांना आहे.

आज आणखी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि ती तातडीने केली पाहिजे. प्रत्येक प्राथमिक शाळेत दाखल-खारिजाचे जनरल रजिस्टर असते आणि त्यात शाळा सोडल्याचे कारण नोंदविण्याचा एक रकाना असतो. मुलींच्या नावांसमोर त्या रकान्यात लिहिलेला ‘सतत गैरहजर’ हा शेरा वाचून आपण पान उलटतो. पण त्याच रजिस्टरात पुढे पाच-सहा वर्षांनी त्याच आडनावाचा धाकटा भाऊ किंवा बहीण दाखल झालेली आढळली, तर त्या गैरहजेरीचा उलगडा होऊ शकतो. दिवा, दातिवली, आगासन, बेतवडे आणि कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या गावांतील जुन्या शाळांचे मुख्याध्यापक, निवृत्त शिक्षक आणि इतिहासाचे विद्यार्थी यांना माझी विनंती आहे की, ही रजिस्टरे कसरीने खाण्यापूर्वी त्यांतील मुलींच्या नोंदी उतरवून घ्याव्यात, आणि ज्या मुलींचे शिक्षण दुसरी-तिसरीत थांबले त्यांपैकी ज्या आज वृद्ध होऊन गावातच आहेत त्यांच्याकडे जाऊन विचारावे की त्या वर्षी घरात कोणाचा जन्म झाला होता.